जुनं खोड कापल्याबद्दल

सावदा, मंगळवार

तीर्थरूप पंडितभाऊंस,

मयुरीचा नमस्कार. तब्येत बरी असेलच. बहिणीचं वाटोळं करून तुम्हाला झोप छान लागत असणार. वहिनींना (त्यांचा यात काही दोष नाही) मनापासून नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा पाठवता, म्हणून माझा दीर कुंदन पिकअप घेऊन धुळ्याला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते.

दिवाळीत तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर ती फुकटची डेबियन प्रणाली घातलीत. म्हणालात, स्थिर आहे, वर्षानुवर्षं हलणार नाही. हलत नाही हे खरं, पण भाऊ, ती पुढेही सरकत नाही! केळीच्या पानाचा फोटो पाहून करपा रोग ओळखणारा माझा प्रोग्राम तुम्हाला माहीत आहे. आठ महिने मी फोटो काढले आणि सासूबाईंनी (दुखरे गुडघे धरून, चष्मा पुसत) एकेक पान बघून सांगितलं, "याले करपा हाये, याले नही." शनिवारी रावेरच्या शेतकरी मेळाव्यात तो दाखवायचाय. आणि त्याला लागणारं नवं पायथॉन (प्रोग्राम ज्या भाषेवर चालतो ती) तुमच्या स्थिर डेबियनच्या कोठारात नाहीच. तिथे सगळा शिळा माल!

तुम्हाला विचारलं. तेव्हा एकदाच काय तो तुमचा मेसेज आला, 'नवं जुन्याच्या शेजारी टाक.' टाकलं. पुढे काय करायचं हे केळीवाल्यांच्या सुनेला सांगावं लागतं का? घड उतरला की जुनं खोड कापायचं, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं शेजारचं पील जोमानं वाढतं. मी जुनं पायथॉन कापलं. याच्यासोबत हे हेही जाईल, अशी यादी कॉम्प्युटरनं दाखवली. (लग्नाच्या आहेराएवढी लांब. कोण वाचतं?) मी 'हो' म्हटलं. आता काळा पडदा आहे आणि एक लुकलुकती रेघ. तुमची सगळी स्थिरता त्या एका खोडावर उभी होती, हे सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं?

तुमची (यापुढे राखी पाठवावी की नाही याचा विचार करणारी) बहीण,
मयुरी

ता. क. : आईला कळवू नका. ती तुमचीच बाजू घेईल.

ता. क. २ : तुमचा मेसेज आत्ता 'पुढे वाचा' दाबून पूर्ण वाचला. शेवटी लिहिलंय, 'जुन्याला हात लावू नको, घर त्याच्यावर उभं आहे.' बरं. पण अशी गोष्ट वर लिहायची असते.

ता. क. ३ : सासूबाईंना कळलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काळ्या पडद्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पानं बी गेले का वं?" फोटो आणि त्यांची उत्तरं मी दुसरीकडे कुठेच ठेवलेली नाहीत, तेच त्यांना सांगितलं. मग त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "गेले असतीन तं पुन्हा तोडून आन. मी सांगते." भाऊ, चुकलं माझं. कुंदनच्या गाडीत बसून आजच या. त्या खरंच विळा शोधताहेत.