खोडलेलं उत्तर

महाड, बुधवार, १२ ऑगस्ट १९९८

आज स्टाफरूमच्या चहात साखरेचा संपूर्ण लोप झाला होता. अशा दारुण प्रसंगी माणसाने प्रथम वर्षाचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल घ्यावं तरी कसं? घेतलं. लंबकावरून गुरुत्व काढायचं. सगळ्यांचं उत्तर ९.८. आधी उत्तर धरून मग उलटी रीडिंगं भरतात, हे मला माहीत आहे, तरी सह्या करतो. फक्त कापडे गावच्या सुनंदाचं आलं १०.६.

"सर, स्टॉपवॉच मधीच अडकतंय. परत परत बघितलं, इतकंच येतंय."

"मग कापड्याला पृथ्वी जरा जोरात ओढत असेल, गो!" मी म्हणालो. 'गो' मुद्दाम, तिच्या गावच्या बोलीची नक्कल. सगळे हसले. मागून कुणीतरी, "म्हणून ती बुटकी हाय, सर!"

तिने उत्तर खोडलं, ९.८ लिहिलं. मी सही केली.

पोरं गेल्यावर ते स्टॉपवॉच माझ्या घड्याळाशी लावून पाहिलं. अडकतं. म्हणजे तिचंच खरं. किती जोरात खोडलं होतं तिने, कागद फाटला.

उद्या सगळ्यांसमोर तिची माफी मागेन. ते जमेल. भीती वेगळीच आहे. इतक्या वर्षांत "यंत्र चुकतंय" असं मला सांगणारी ही पहिलीच, आणि आता ती पुन्हा सांगणार नाही.