बूट हॅनाच्या दारात आहेत

आई,

माझे शाळेचे बूट हरवलेले नाहीत. गच्चीवरच्या टाकीमागून मी आणि आपला निषाद दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत गेलो होतो. तिथे नुसतं गवताचं माळरान आहे. हॅना नावाच्या माझ्याएवढ्या मुलीच्या मातीच्या घरात शिरताना मी सवयीने बूट दारात काढले आणि निघायच्या घाईत ते तिथेच राहिले. तू म्हणालीस, "थापा पुरे, जिथे टाकलेस तिथून घेऊन ये."

जातेय, पण आणणार नाही. तिकडे बर्फ पडायला लागलाय आणि हॅना अनवाणी गुरं राखते. तुझे लोकरीचे मोजेही नेतेय. काय ओरडायचं ते आल्यावर ओरड.

हॅनाला धाकटा भाऊ आहे, म्हणून निषाद आज स्वतःचे नवे बूट घालून निघालाय. तेही आम्ही दारातच काढणार.

उत्कर्षा