अजून ठरलं नाही

फ्लॅट ३, तळमजला
रविवार, ५ मे

प्रिय एव्हरिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकलं नसशील, असं धरून चालतो. बरी आहेस ना? गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. माझी जीन गेल्यावर घर सोडून गावाच्या या टोकाला राहायला आलो, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. शेजारी चांगले आहेत म्हणतात, माझी अजून कुणाशी ओळख नाही.

आमचा मजूर पक्ष इथली नगरपालिकेची जागा सात मतांनी हरला. हसू नकोस. तुम्ही हुजूर पक्षवाले शुक्रवारी दिवसभर नाचला असाल. पण मला त्या सात मतांबद्दलच लिहायचं आहे, आणि हे पक्षाच्या क्लबात कुणाला सांगायची सोय नाही.

मार्चमध्ये फ्रान्सिस टॅटरसॉल नावाची बाई आमच्या पक्षाच्या प्रचाराला आली. पन्नाशीची, शाळेत शिकवते, गावात नवी. मी कोण हे तिला कुठलं ठाऊक! चाळीस वर्षं मी तेच तर केलं. याद्या घेऊन दारं वाजवायची. आपला मतदार असेल तर नावापुढे खूण करून पुढे. विरोधातला असेल तरी खूण करून पुढे. थांबायचं ते फक्त कुंपणावरच्यांपाशी, आणि पुन्हा पुन्हा जायचं तेही त्यांच्याकडेच. हक्काच्या माणसाच्या दारात आम्ही कधी दोन मिनिटं उभे राहिलो नाही.

तिनं विचारलं, यंदा मत कुणाला? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून ठरलं नाही."

पुढच्या आठवड्यात ती परत आली. त्याच्या पुढच्याही. बसायची, चहा घ्यायची. मी बसच्या फेऱ्यांवरून, दवाखान्यावरून वाद घालायचो, एक शंका फिटली की दुसरी काढायचो. तिच्यासाठी आल्याची बिस्किटं आणून ठेवायला लागलो. अगं, टपालानं मत मी केव्हाच पाठवून दिलं होतं, आणि तेही मजूर पक्षालाच. माझा हात दुसरीकडे वळतोय होय!

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ती धापा टाकत आली. पुढची अख्खी गल्ली राहिलीय म्हणाली. मी म्हटलं, "बसा हो, ते घरांचं काही मला नीट कळलं नाही." पाऊण तास बसवून ठेवली तिला.

हरल्यावर कुणी दारात येत नसतं, पण काल ही आली. मला वाटलं, कळलं हिला. तर म्हणते, "मिस्टर ऑर्मरॉड, तुम्हाला मी पटवू शकले नाही. चूक माझीच." मी तिला चहासुद्धा विचारला नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आता खरं लिहितो. तुझ्या खिडकीत हुजूर पक्षाचं निळं पोस्टर लागलं त्या वर्षी यादीत तुझ्या नावापुढे 'विरोधात' ही खूण मीच केली. या दारावर परत जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं आणि स्वतःही गेलो नाही. एकोणीस वर्षं. तुझ्या गॉर्डनच्या अंत्यविधीला मी आलो होतो, एव्हरिल. चर्चच्या समोरच्या फुटपाथवर उभा होतो. शवपेटीला खांदा द्यायला पाच जण घरचे होते आणि सहावा भाड्यानं आणलेला. ते बघूनही मी रस्ता ओलांडला नाही.

इथं इतकी शांतता असते की कुणी दार वाजवलं तर मी कुणालाही काहीही सांगेन. तुझ्याकडे कोण येतं गं?

येत्या रविवारी साडेदहाच्या बसनं येतो. दार वाजवीन. उघडायचं की नाही, हे आत्ताच ठरवू नकोस.

तुझा भाऊ,
विल्फ