ताईच्या बरणीतली राई

लिहून ठेवतो की मी, प्रसेनजित इंद्रभान तायडे, वय एकवीस, राहणार नांदुरा, जिल्हा बुलढाणा, धंदा मोबाइल दुरुस्ती शिकणं आन् बाकी टवाळी, सगळ्यात पहिले कबूल करतो की ताईच्या बरणीत राई म्याच टाकली. चुकून नाही. मुद्दाम.

आता रीतीचं. हा कागद मी शुद्धीवर, अक्कलहुशारीनं लिहून राह्यलो. अक्कल हाय का नाही याच्यावर घरात दोन मतं हायेत, हुशारीवर नाहीत. जबरदस्ती कोणाची नाही, भेव मातर हाय. माहे बाबा तहसीलीबाहेर टेबल टाकून लोकायचे कागद लिहितेत, म्हणून हे शब्द मले पाठ हायेत. त्याईच्यापासूनच शिकलो की मृत्युपत्र मेल्यावर वाचतेत, आन् साक्षीदाराले आत काय लिहिलं ते माहीत असायची गरज नसते, सही कोणाची ते पाह्यलं की झालं. म्हणजे खरं सांगून मार न खायची दुनियेत ही एकच जागा हाय.

सकाळचे नऊ वाजले. मी गच्चीवरच्या खोलीत हाव. खाली ओट्यावर माह्या मोठ्या बहिणीचा, धम्मशीलाताईचा, ब्रेड जाळीवर थंडा होऊन राह्यला. अकराले संभाजीनगरहून रेवती मॅडम येऊन राह्यल्या, त्याईची बेकरी हाय. ब्रेड पटला तं ताईले तिथं नोकरी. नाही पटला तं शेगावच्या स्थळाले हो म्हणीन, असा ताईनं आईले शब्द देला. याच्या आधी नोकरीचं दोन जागी नाही झालं. ही तिसरी खेप. चौथी नाही.

कलम १. माही रबरी पाल शेजारच्या झुंबरबाईले. माही हरेक खोडी त्याईनं आईले सांगतली, पण पाल पाहून दर खेपेले तितक्याच जीवानिशी ओरडल्या. असा माणूस भेटत नाही.

कलम २. बाबाच्या शिक्क्याचं रबर काढून उलटं म्याच चिकटवलं होतं. बाबा शिक्केवाल्याशी भांडले. त्या शिक्केवाल्याची माह्या वतीनं माफी मागावी.

कलम ३. बरणी.

ही राई म्हणजे फोडणीची राई नाही. थंड्या मुलखातलं धान्य हाय, इंग्रजीत राय, आमच्या तोंडी राई. त्याचं करड्या रंगाचं पीठ पुण्याहून कुरिअरनं येते. ताई त्यात पाणी, मीठ आन् बरणीतलं खमीर, म्हणजे ब्रेड फुगवणारं आंबलेलं पीठ, टाकते, लाकडी चमच्यानं हालवते आन् झाकून चौदा घंटे सोडून देते. मंग बिडाच्या भांड्यात घालून, झाकण लावून, ओव्हनमध्ये. मळत नाही. आई म्हणे, "बिन मळल्याची भाकर? आळशाचं काम हाय माय हे." ताई म्हणे, "हे पीठ गोंदासारखं चिकटते, आई. मळून फायदा नाही. याले फक्त टाइम लागते." ते खमीर तिनं तेरा महिने जगवलं होतं. तापात असली तरी उठून त्याले पीठ-पाणी देये.

मंगळवारी ती मामाच्या घरच्या लग्नाले सोनाळ्याले गेली. जातांना म्हणे, "पश्या, बरणीत रोज सकाळी दोन चमचे राई आन् दोन चमचे पाणी. विसरू नोको बे."

पीठ म्हणली नाही. नुसतं राई म्हणली.

मले माहीत होतं तिले काय म्हणायचं हाय. तरी म्या मिक्सरमध्ये फोडणीची राई दळली आन् टाकली. दोन दिवस. म्हटलं, ती झाकण उघडन, शिंकन, मले मारायले धावन, आन् मी म्हणीन, "तूच तं म्हणली राई!" दहावीत दोनदा बसलेल्या पोराले हे शोभते. कोणाले संशय येत नाही.

गुरुवारी पाह्यलं तं बरणीत एक बुडबुडा नाही. गाऱ्यासारखं बसलं होतं, वास नाकात जाये. लोक राईचा पर्वत करतेत, म्या राईनं पर्वत पाडला. नवीन खमीर तयार व्हायले आठ-दहा दिवस लागतेत. ताई शुक्रवारी येणार होती.

स्टेशनजवळच्या रंगरावकाकाकडे पळत गेलो. त्याईची जिलेबीची कढई सकाळीच लागते.

"काऊन बे, आज कोणता उपद्रव आणला?"

"काका, जिलेबीचं खमीर द्या. वाटीभर."

"खमीर? हे आमच्या बुढ्याच्या बापाच्या टायमाचं हाय. सोयऱ्यालेही देत नाही."

म्या सगळं सांगतलं. काका हसले नाहीत. हेच मले जास्त लागलं. वाटी भरून देली आन् म्हणे, "ज्या दिवशी हे मरन, त्या दिवशी मले तोंड दाखवजो नोको."

घरी येऊन त्याले गुरुवारी दिवसभर आन् शुक्रवारी सकाळी खऱ्या राईचं पीठ चारलं, रंग जुळेपर्यंत. ताईच्या बरणीच्या झाकणाले आतून तिचं जुनं थोडं वाळून चिकटलेलं होतं. तेही खरडून यात मिसळलं आन् बरणी धुऊन त्यात भरलं. ते जितं होतं का मेलेलं, मले माहीत नाही. पण त्याच्यामुळं हे पुरं खोटं नाही, असं मी मनाले सांगतो.

शुक्रवारी ताईनं झाकण उघडलं. वास घेतला.

"पश्या, हे एवढं खुशीत काऊन हाय?"

"तू नव्हती म्हणून."

हसली. काल दुपारी तीनले तिनं पीठ भिजवलं, आज पाचले ओव्हनमध्ये टाकलं. इतका फुगलेला ब्रेड या घरात झाला नव्हता. मंग आम्ही विहारात गेलो. पंचशील म्हणतांना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलायच्या, माहा आवाजच निघाला नाही. ताईनं कोपरानं ढोसलं, "मोठ्यानं म्हण बे." म्हणून हे कलम: मी मेल्यावर ताईले खरं सांगावं.

गाडी आली. सव्वादहालेच. बाकीचं मंग लिहितो.

दुपारचा एक.

रेवती मॅडमनं आधी ब्रेड उलटा करून बुडावर बोटानं वाजवला. मंग कापला, कान लावल्यासारखं नाक लावलं. "हा वास ओळखीचा आहे. लहानपणीचा. कुठला ते आठवत नाही."

मी भिंतीले टेकलो. मनात म्हटलं, माय, जिलेबी म्हणू नोको.

त्याईनं घास खाल्ला. बराच वेळ चावला. "खमीर किती दिवसांचं?"

"तेरा महिने, मॅडम. मीच तयार केलं."

"तेरा महिन्यांचं वाटत नाही. फार जुनं वाटतं. दुसरं कोणी हात लावतं का याला?"

ताईनं माह्याकडे पाह्यलं. "हा माहा भाऊ. मी गावाले गेली होती तं यानंच जपलं."

मॅडम माह्याकडे वळल्या. "काय घालत होतास रे?"

सगळ्याईचे डोळे माह्यावर. आईचे, बाबाचे, ताईचे.

"राई, मॅडम."

खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही.

मॅडम हसल्या. ताईले म्हणे, एक मार्चपासून या, आणि हे खमीर घेऊन या. ताई रडली. आईनं तिच्या तोंडात ब्रेडचा तुकडा कोंबला, "बाई, माही आळशाची भाकर!" मंग ताईनं बरणीतलं अर्धं दुसऱ्या बरणीत काढून माह्या हातात देलं. "तू नसता तं हे मेलं असतं, पश्या. अर्धं तू ठेव. रोज राई घालजो."

कलम ४. ही अर्धी बरणी माह्यामागे ताईची. तिले वेळ नसन तं रंगरावकाकाची.

कलम ५. कलम ३ मधलं शेवटचं वाक्य, ताईले सांगायचं, मी रद्द करतो. पूर्ण अकलेनं.

साक्षीदार:
१. झुंबरबाई (अंगठा). "प्रॉपर्टी काय हाय रे तुही?" असं विचारत होत्या. सांगतलं नाही.
२. जानराव, विहाराची किल्ली ठेवणारे (सही).

लिहून देणार: प्रसेनजित इंद्रभान तायडे
मुक्काम नांदुरा, रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

हे पाकीट उघडणाऱ्या माणसा, तू कोणीही अस, मी मेलो असन तं मले शिव्या दे, पाल झुंबरबाईले नको देऊ, काही कर. पण ताई खमीर तेरा महिन्याचं म्हणली तं तेरा महिन्याचंच. पाया पडतो, कोणाले सांगजो नोको.