विक्रमचा निळा स्वेटर

प्रिय नागसेन,

सप्रेम जय भीम. काल फोनवर मी एवढंच म्हणाले, की विक्रमचा स्वेटर आणि उसवलेली लोकर तशीच पिशवीत बांधून घराबाहेर ठेव, पुन्हा कुणी हात लावू नका. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. तेजश्री रुसली असेल. नवरा गेल्यावर पुण्यानुमोदनाला भावाला दिलेली वस्तू परत मागणारी नणंद तिच्याच वाट्याला यायची होती! तिची समजूत काढ बाबा.

परवा इथल्या सुलतान बाजारात वकीलबाईंकडे गेले होते. पद्मावती मॅडम तेलुगू, पण आपली मराठी त्यांना समजते. विक्रमच्या कारखान्याने तडजोडीचा कागद पाठवलाय. नळी फुटून अणुइंधनाची भुकटी उडाली, हे त्यांना मान्य आहे. विक्रमची फुप्फुसं त्यानेच गेली, हेही आता नाकारत नाहीत. कुणाची चूक होती हे आपण सिद्ध करायची गरज नाही म्हणे, अपघात झाला की भरपाईची जबाबदारी कारखान्याचीच. अट एकच, भुकटी कारखान्याच्या भिंतीबाहेर गेली नाही असं मी सही करून लिहून द्यायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. विद्यानगरच्या घराचे हप्ते फिटतील, डोक्याची कटकट जाईल, एवढंच मनात आलं.

मॅडमनी विचारलं, कारखान्याच्या आतलं काही कधी घरी यायचं का? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. कामावरचे कपडे तिथेच ठेवायचे, हा नियम विक्रमइतकाच मलाही पाठ होता. मग इकडच्या तिकडच्या गप्पांत तेजश्रीने पाठवलेला फोटो दाखवला, अगदी कौतुकाने. विक्रमचा निळा स्वेटर उसवून ती बाळासाठी टोपडं विणतेय. भावजय असावी तर अशी, म्हटलं. स्वेटर माझ्या हातचा, हेही सांगितलं. आत एसीचा गारठा फार, म्हणून सगळेच कारखान्याच्या डगल्याखाली घरचा स्वेटर घालायचे आणि साहेब काणाडोळा करायचे, असं बोलून गेले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. नळी फुटली त्या दिवशीही तो त्याच्या अंगात होता. मॅडमनी कागद माझ्या हातून काढून घेतला. म्हणाल्या, अम्मा, साईन नक्को करो.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे. मी तो दोनदा धुतला होता रे. तेवढ्याने जातं की नाही, कोण जाणे. तेजश्रीला आठवा महिना, आणि उसवताना धूळ तिच्याच नाकातोंडात गेली असणार. मॅडम तपासणारी माणसं तुमच्याकडे नांदेडला पाठवतायत, ती स्वेटर नेतील. तुम्ही दोघं आधी इकडे या, दवाखान्याचं मी बघते.

मी सही केली नाही. असलं दुखणं वर्षानुवर्षं लपून बसतं म्हणतात. उद्या तुमच्यापैकी कुणाला काही झालं, तर कारखान्याने माझ्याच सहीचा कागद तुमच्या बाळापुढे नाचवला असता. भरपाईचा अर्ज आता तुझ्याही नावाने होईल. स्वेटर कुठून कुठे गेला ते माझ्या हस्ताक्षरात असावं, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून हे पत्र जपून ठेव. स्पष्ट लिहिते. तो निळा स्वेटर विक्रम कारखान्यात घालायचा. तो मी विणला, मी धुतला, मीच तुझ्या हातात दिला. आणि मीच परत मागते आहे.

तुझीच अक्का,
रेणुका विक्रम वाघमारे