साहेबांच्या खिशातून ओ येते

तीर्थरूप काकांस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून, तीन दिवस टेबलाखाली काढल्यामुळे कंबर सरळ होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूने तुमच्या कानाच्या यंत्राची बॅटरी बदलली का? परवा फोनवर मी ‘मशीन पडलं बंद’ म्हटलं, तर तुम्ही ‘कोण पडलं?’ म्हणून सगळं घर गोळा केलंत. तेव्हा आता लिहूनच कळवते. कोणीही पडलेलं नाही.

तुमच्या वर्गमित्राने, म्हणजे आमच्या साहेबांनी, तुमच्या शब्दाखातर मला या दूध तपासणीच्या लॅबमध्ये घेतलं, त्याला सात महिने झाले. काम साधं आहे. टँकर गेटवर येतो, दुधाचा नमुना आत येतो, चार मशीनं तो तपासतात. प्रत्येक मशीनला एकेक कंट्रोलर आहे, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. तो आपले आकडे राउटरमार्फत माझ्या कॉम्प्युटरकडे पाठवतो, मी रिपोर्ट काढते आणि गेट उघडतं. हाताने लिहिलेला आकडा गेटवाला मानत नाही. (माझं अक्षर पाहिलं तर तुम्हीही मानणार नाही.)

सोमवारी नवा राउटर बसला आणि मंगळवारपासून फॅट मोजणाऱ्या मशीनने अबोला धरला. तोही धड नाही. तासभर छान बोलायचं, मग एकदम गप्प. मी वायर बदलली. राउटरचं भोक बदललं. राउटर बसवून गेलेल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. मी टेबलाखाली शिरून प्लग उपटला, तो निघाला गेटवरच्या वजनकाट्याचा. त्यावर उभा असलेला टँकर क्षणात शून्य किलोचा झाला आणि ड्रायव्हरने जी बोंब ठोकली ती तुम्हाला यंत्राशिवायही ऐकू आली असती.

साहेब बिचारे दर थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून खाली यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, “काय गं, बोलतंय का?” नसायचं बोलत. ते निराश होऊन वर गेले की पाच-दहा मिनिटांत सुरू! मला वाटलं, मशीनही माझ्यासारखंच त्यांना घाबरतं.

गुरुवारी भर दुपारी दोन टँकर गेटवर तापत उभे. दूध नासलं तर गावोगावच्या गोठ्यांतली सकाळची मेहनत गटारात जाणार. दोन्ही ड्रायव्हर माझ्या खिडकीला चिकटलेले, साहेब पाठीशी. प्रत्येक मशीनला आपला एक नंबर असतो आणि कॉम्प्युटरवरून त्या नंबराला हाक मारता येते; मशीन जागं असेल तर ओ देतं. मी हाक मारली. ओ आली! पण आकडे येईनात. वैतागून मी मशीनची वायरच काढून हातात घेतली आणि पुन्हा हाक मारली. काका, पुन्हा ओ आली! वायर माझ्या हातात लोंबतेय, मग ओ देतंय कोण?

मी मागे वळले. साहेबांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल चमकत होता. राउटरची यादी उघडून पाहिली. नवा राउटर लॅबमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक फोनला एक नंबर वाटत होता आणि साहेबांच्या फोनला त्याने नेमका फॅटच्या मशीनचाच दिला होता. एका नंबराचे दोन धनी! मी हाक मारायची मशीनला आणि उत्तर द्यायचा साहेबांचा खिसा.

हे नीट समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ओरडले, “साहेब, आधी बाहेर जा तुम्ही! पार गेटपर्यंत!” साहेब तसेच उन्हात गेटपर्यंत चालत गेले. मी वायर परत खोचली. दोन मिनिटांत आकडे आले, रिपोर्ट निघाला, टँकर आत गेले, दूध वाचलं. मग मी राउटरला, मशीनांचे चार नंबर कोणालाही वाटायचे नाहीत, अशी तंबी दिली. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे.

बाकी क्षेमकुशल. काकूला नमस्कार. उत्तर सवडीने पाठवा.

तुमची पुतणी

ता. क. सवडीने नको, लगेच पाठवा. शुक्रवारी मुख्य ऑफिसातून कागद आला: तीन दिवस काम का खोळंबलं, त्याचा लेखी खुलासा साहेबांमार्फत द्या. ‘साहेबांमुळे’ असं लिहून साहेबांच्याच हातात कसं देऊ? गुरुवारपासून ते खाली फिरकलेलेही नाहीत. नोकरी गेली तर जाईल, पण तुमचा शब्द जायला नको. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा, पोरगी तोंडाळ आहे पण मनाने वाईट नाही, एवढ्याच.

ता. क. २ काही लिहू नका. साहेब आत्ताच येऊन माझ्या टेबलावर कागद ठेवून गेले. खुलासा त्यांनीच लिहिलाय. ‘बिघाडाचे कारण: मी. उपाय: मला बाहेर काढण्यात आले.’ खाली सही, शिक्का. जाताना एवढंच म्हणाले, “तुझा काकाही शाळेत असाच ओरडायचा.”