नाव घेऊन सांगायचं

४ जानेवारी, रविवार
सून वैशाली दुपारच्या गाडीनं संभाजीनगरहून आली. दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, नाही झालं."
दोन दिवसांचा कोर्स होता. हृदय बंद पडलेल्या माणसाला परत आणायचं वरच्या पातळीचं शिक्षण, एसीएलएस म्हणतात त्याला. लेखी पेपर निघाला, प्रात्यक्षिकात राहिली. तिथं रबरी माणूस निजवलेला असतो, भोवती डॉक्टर-नर्सची टीम, आणि एकानं पुढारी होऊन बाकीच्यांना कामं सांगायची. हिची पाळी आली आणि ही अडली. का अडली ते सांगेना.
२५ तारखेला परत बोलावलंय. तेव्हा निघालं नाही तर बुलढाण्याच्या दवाखान्यातला आयसीयू सुटणार, साध्या वॉर्डात पाठवतील. आयसीयूसाठी तिनं तीन वर्षं आमच्या धाड गावाहून जीपनं ये-जा केली आहे.
एवढं बोलून भांडी घासायला बसली. मी हातातली काथ्याची घासणी काढून घेतली.

६ जानेवारी, मंगळवार
वै.ची वही वाचायला घेतली. पुस्तक इंग्रजी आहे, पण तिनं मराठीत टिपणं काढली आहेत. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि ग.च्या (आमचा गजानन) शाळेच्या पुस्तकांवर झालं. अवघड शब्द दोनदा वाचला की येतो.
छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची. पाच-सहा सेंटीमीटर खोल. शिवणाच्या टेपनं मोजलं, माझी तीन बोटं. एवढं खोल! दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. मध्ये दहा सेकंदांच्या वर हात थांबता कामा नये.
पुढच्या पानावर, काय करू नये. तोंडात पाणी घालू नये. तळपाय चोळत बसू नये. नाकाशी काही धरू नये.
वही मिटली.
ह्यांच्या वेळी मी तिन्ही केलं. कांदा फोडून धरला होता.

७ जानेवारी, बुधवार
वै. ड्युटीवरून आली तसं विचारलं. घुमवून-फिरवून विचारायची सवय नाही मला.
"पाणी पाजलं म्हणून गेले का ते?"
तिनं पिशवी खाली ठेवली. "नाही आई. ते पडले तवाच बंद पडलं होतं."
"अन् छाती दाबली असती तर?"
 मग म्हणाली, "सांगता येत नाही. कधी माणूस येते, कधी नाही येत. पण दाबायला पाहिजे होतं."
सहा वर्षं सगळे देवाची मर्जी म्हणत आले. ही पोर खोटं बोलली नाही. तिचे उपकारच मानते मी. जेवण नाही गेलं, तरीही मानते.

१० जानेवारी, शनिवार
ज्वारीचा अर्धा कट्टा, म्हणजे पोतं, ओट्यावर आडवा टाकला, त्यावर उशी बांधली. हा आमचा रबरी माणूस. शेजारची कमल बघायला आली नि मी तिलाही टीममध्ये घेतलं. कमल मॉनिटरवर, म्हणजे उलट्या परातीजवळ. मी छातीवर. वै. पुढारी.
वै. म्हणते, "आई, जरा दाबता का? थकल्या असाल तर राहू द्या."
कमल परात सोडून हसायला लागली. "अवं बाई, तो मरून राह्यला अन् तू चहा विचारून राह्यली त्याच्या सासूले!"
कट्ट्याला सासू कुठली. पण तिघी हसलो. आयसीयूत वै. दहा वर्षं मुरलेल्या नर्ससारखी काम करते म्हणतात. घरात मात्र कोणाला 'कर' म्हणता येत नाही तिला.

१२ जानेवारी, सोमवार
आज कळलं.
टीममध्ये छातीशी जो डॉक्टर होता त्याचं नाव गजानन. नियम असा की पुढाऱ्यानं नाव घेऊन काम सांगायचं, समोरच्यानं ते तोंडानं परत म्हणून मगच करायचं. मोघम बोललेलं चालत नाही. हिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघेना. म्हणाली, "अहो, तुम्ही दाबा."
खोलीत पुरुष तीन. इंजेक्शनवरचा छातीकडे धावला, मशीनवरचाही धावला, आणि खरा गजानन 'मी का?' म्हणून उभा. परीक्षक घड्याळ बघत होते. सतरा सेकंद.
आपल्या जिल्ह्यात दगड भिरकावला तर गजाननलाच लागतो, एवढे आहेत. तरी माझ्या सुनेला एक चालला नाही.
हे तिला शिकवलं कोणी? मीच. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात चारचौघांत तिनं "गजानन, पाणी देता का" म्हटलं होतं. मी तिला आत नेऊन सांगितलं, आपल्यात हे चालत नाही. तेव्हापासून शेगावला दर्शनाला गेली तरी नुसतं 'महाराज' म्हणते.
मला ते शहाणपण वाटायचं.

१४ जानेवारी, संक्रांत
कमलकडे हळदीकुंकू. मी घरीच, तिळाच्या वड्या थापत. मधल्या भिंतीवरून सगळं ऐकू येतं. बायकांनी आग्रह केल्यावर वै.नं खणखणीत उखाणा घेतला, नवऱ्याचं नाव अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.
आली तशी म्हटलं, "वाण लुटताना नाव घेता येते, अन् माणूस मरून राह्यला तवा नाही?"
"ते वेगळं आहे, आई."
"काऊन वेगळं?"
ती वड्या डब्यात भरायला लागली. मीही जास्त ताणलं नाही. सणाचा दिवस.

१५ जानेवारी, गुरुवार
दोघांना समोर बसवलं. ग.ला म्हटलं, तुला काही आहे का?
"मी कधी नाही म्हणलो? तुमच्या दोघींचाच कायदा आहे तो."
वै.ला म्हटलं, घे. तिनं पदर तोंडात धरला, मग म्हणाली, "चुलीवर भाकर, भाकरीवर लोणी, गजाननराव, छाती दाबा, थांबू नका कोणी."
ग. इतका हसला की ठसका लागला. म्हटलं, नुसतं घे, उखाण्याबिगर.
तर माझ्याकडे बघून म्हणते, "आधी तुम्ही घ्या. मामांचं."
मग मी दोघांना ते सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी आठच्या सुमाराला हे गोठ्याजवळ पडले. मी ओरडत होते, "अहो! अहो!" जोरात ओरडत होते. पलीकडे कमल होती, तिचा नवरा होता, दोन जीपवाले चहा पीत होते. कोणी उठलं नाही. माझी ती हाक रोजचीच. त्यांना वाटलं, चहाला बोलावते. नाव घेऊन ओरडले असते तर सगळे धावले असते. ह्या घरातून ते नाव माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं कोणी.

मग मी घेतलं. विश्वनाथ. दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं.
वै. उठली, पाणी प्यायली, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "गजानन. छाती दाबा."  ग. म्हणाला, "छाती दाबतो."

१८ जानेवारी, रविवार
सराव चांगला. आता मलाही नावानंच. "सुमन, छाती दाबा." "दाबते." "कमल, दोन मिनिटं झाली की सांगा." "सांगते."
पहिल्यांदा 'सुमन' म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "मधीच पाया पडशील तर तुझे दहा सेकंद गेले."
माझी आई गेल्यापासून मला सुमन म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. कट्ट्यावर वाकून दाबत होते म्हणून बरं, तोंड दिसलं नाही कोणाला.

२१ जानेवारी, बुधवार
मनगटं दुखतात. कमलनं तेल चोळून दिलं. म्हणाली, "त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं वं." तिला कोणी सांगितलं, ग.नं असेल. मी म्हटलं, तुला काय ठाऊक. बराच वेळ चोळत होती.

२४ जानेवारी, शनिवार
वै. पुढे गेली, मैत्रिणीकडे मुक्काम. बसमध्ये चढताना म्हणाली, "आई, नाही निघालं तर?"  वड्यांचा डबा दिला.

२५ जानेवारी, रविवार
पाचच्या गाडीनं आली. चेहऱ्यावरून काही कळेना. पाणी दिलं, मग बोलली.
टीममध्ये यावेळी एक सादिक, एक अमृता, एक दीपक. गजानन एकही नव्हता! एवढा सगळा खटाटोप केला आम्ही. पण तिनं तिघांनाही पहिल्या क्षणापासून नावानं हाक मारली. हात थांबले नाहीत. दोनदा शॉक, दर तीन-चार मिनिटांनी इंजेक्शन, सगळं वेळेवर. एकदा एका औषधाचं नाव आधी चुकलं, मग तिनंच दुरुस्त केलं. ते धरतील की सोडतील, माहीत नाही.
परीक्षकांनी मशीनवरची रेघ काही वर येऊ दिली नाही. शेवटी म्हणाले, आता थांबायचं ठरलं. बाहेर नातेवाईक उभे आहेत. काय सांगाल? हा प्रश्न वहीत नव्हता.
"मंग तू काय म्हणाली?"
"म्हटलं, पहिले विचारीन, पडले तवा जवळ कोण होतं. त्या माणसाजवळ जाऊन बसीन. बाकीचं मग."
परीक्षक कागदावर बराच वेळ लिहीत होते. निकाल फोनवर कळवतो म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.
हे ऐकताना मी ओट्याच्या पायरीवर होते. ती समोर उभी राहून सांगत होती. मध्येच केव्हा तरी माझ्या शेजारी येऊन बसली होती. दिवेलागणीपर्यंत बसलो तशाच. फोन वाजला नाही.